मागे बसलेल्या माणसाची नोंद: रस्ते अपघातातल्या प्रवाशाचा केसपेपर आणि त्याचे कोड

रात्री पावणेदहाला कॅज्युअल्टीत एका बाईंना आणलं. उजवं मनगट वाकडं, कपाळावर खोक, दोन्ही गुडघे सोललेले. केसपेपरवर एकच ओळ होती: 'आरटीए (म्हणजे रस्ते अपघात), दुचाकीवरून पडून दुखापत.' पेशंट दाखल असतानाच फाइल माझ्या टेबलावर आली, कारण योजनेच्या मंजुरीसाठी आयसीडी-१० चा, म्हणजे जखमा आणि त्यांची कारणं अक्षर-आकड्यांत नोंदवणाऱ्या जागतिक यादीतला, कोड हवा होता. त्या एका ओळीवरून निदान चार कोड देता येत होते आणि चारही अंदाजाचेच ठरले असते. म्हणून मी वॉर्डात गेले. बाईंच्या उशाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत साडी घडी करून ठेवली होती. पदराच्या टोकाला वीतभर काळं ग्रीस लागलेलं, काठ चिंध्या झालेला. त्या म्हणाल्या, "मी मागं बसले होते. पदर चाकात गेला आणि मला खाली ओढलं." गाडी कशालाही धडकली नव्हती. नवऱ्याला खरचटलंही नव्हतं.

त्यांचा कोड व्ही२८.५. दुचाकीवरचा प्रवासी, धडक न होता झालेला अपघात, सार्वजनिक रस्त्यावर. हे सगळं त्या पदराला माहीत होतं, केसपेपरला नव्हतं.

मी बरीच वर्षं वैद्यकीय अभिलेख विभागात, म्हणजे आपण ज्याला एमआरडी म्हणतो तिथे, काम करते. अपघाताचा कोड आमच्या टेबलावर ठरत नाही, तो पहिल्या तासात कॅज्युअल्टीत ठरतो. आम्ही तो फक्त उतरवून घेतो. आणि त्या तासात सगळ्यात कमी प्रश्न विचारले जातात ते प्रवाशाला. पोलीस चालकाला शोधतात, नातेवाईक चालकाला बोल लावतात, डॉक्टर जखमेकडे बघतात. शेजारच्या किंवा मागच्या सीटवरचा माणूस 'अपघातातला एक जखमी' एवढाच उरतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. कॅज्युअल्टीतले मेडिकल ऑफिसर, सिस्टर, एमआरडीतले सहकारी आणि कोडिंग शिकणारी मुलं, सगळ्यांना उपयोगी पडेल असा लिहिते आहे. कोडची अक्षरं इथे देवनागरीत आहेत, संगणकात भरताना नेहमीप्रमाणे रोमन अक्षर आणि आकडे.

पहिला तास: काय विचारायचं

आधी उपचार, मग कागद, याबद्दल वाद नाही. पण पेशंट स्थिर झाल्यावर, किंवा एकजण सलाईन लावत असताना दुसऱ्यानं, हे प्रश्न विचारायला तीन-चार मिनिटं पुरतात.

हकिगत कोणी सांगितली, हे पहिल्या ओळीत लिहा. पेशंटनं स्वतः, नातेवाइकानं, १०८ च्या डॉक्टरांनी की रस्त्यावरून उचलून आणणाऱ्या अनोळखी माणसानं. चौघांच्या सांगण्याचं वजन सारखं नसतं. बेशुद्ध पेशंटची हकिगत गर्दीतल्या कुणीतरी सांगितली असेल तर तसंच लिहा आणि पेशंट शुद्धीवर आल्यावर पुन्हा विचारून, तारीख-वेळ घालून, खाली नवी नोंद करा. पहिली नोंद खोडायची नाही.

मग जागा. 'तुम्ही गाडीत कुठे बसला होतात?' असंच विचारा. 'गाडी कोण चालवत होतं?' असं विचारलं की लोक घाबरतात, कोणाला तरी वाचवायला बघतात. कुठे बसला होतात या प्रश्नाला उत्तर पटकन येतं: पुढे डावीकडे, मागे खिडकीशी, रिक्षात ड्रायव्हरशेजारी, बाइकवर तिघांत मधे, पिकअपच्या हौद्यात, ट्रॉलीत उसावर. आलेलं उत्तर जसंच्या तसं लिहा. ट्रिपल सीट असेल तर एक चालक आणि दोन प्रवासी. टाकीवर बसवलेलं लहान मूलसुद्धा प्रवासीच.

तिसरी गोष्ट, समोर काय होतं. कार, ट्रक, एसटी, दुसरी बाइक, बैलगाडी, कुत्रं, डिव्हायडर, झाड, की काहीच नाही? 'काहीच नाही' हे उत्तरही लिहायचं असतं. खड्ड्यात उसळून पडली, वळणावर घसरली, ब्रेक लागल्यावर आतल्या दांड्यावर आपटले, या सगळ्यात समोर काही नसतं आणि कोडिंगमध्ये त्यांचा वेगळा रकाना आहे.

चौथी, गाडीची अवस्था. चालू होती, थांबली होती, की पेशंट चढत-उतरत होता? अपघात रस्त्यावर झाला की पेट्रोल पंपाच्या आवारात, कारखान्याच्या यार्डात, शेतात? त्याशिवाय सीटबेल्ट, हेल्मेट, एअरबॅग, गाडीतून बाहेर फेकला गेला का, आत अडकला होता का, धडक कोणत्या बाजूनं बसली. यातलं बरंचसं कोडमध्ये जात नाही, पण सर्जनला लगेच कामाला येतं आणि भरपाईचा दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला पुढे दोन वर्षांनी.

मालवाहू गाडीत बसलेला जखमी असेल तर एक प्रश्न कधीही चुकवू नका: माल कोणाचा होता? मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ नुसार गाडीतल्या मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या संरक्षणात येतो, फुकट किंवा भाडं देऊन बसलेला माणूस येत नाही. पहाटे टोमॅटोचे क्रेट घेऊन मार्केट यार्डाला निघालेला शेतकरी हौद्यात स्वतःच्या मालासोबत असतो. केसपेपरवर 'पिकअपमधील प्रवासी' एवढंच लिहिलं तर तो लिफ्ट घेतलेला माणूस वाटतो. 'स्वतःच्या टोमॅटोसोबत पिकअपच्या हौद्यात बसून जात असताना' या एका वाक्यानं त्याच्या दाव्याची दिशा बदलते. अर्थात त्यानं तसं सांगितलं असेल तरच लिहायचं. पेशंटच्या भल्यासाठी म्हणून आपल्या मनानं भर घालायची नाही.

चार जखमी एकाच वेळी आले की एकाच्या कागदावरची हकिगत बाकी तिघांच्या कागदांवर उतरवली जाते. हे सगळीकडे होतं, कारण हात कमी असतात. पण उलटलेल्या रिक्षातल्या चौघांत एक रिक्षावाला असतो. चारही कागदांवर 'रिक्षातून प्रवास करत असताना' आलं की चालक प्रवासी होऊन बसतो, आणि कधी उलटंही होतं. हकिगतीचा मधला भाग सारखा चालेल, जागेची ओळ प्रत्येकाची वेगळी लिहा.

एमएलसी आणि जखमांचं वर्णन

रस्ते अपघाताचा प्रत्येक जखमी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस. रजिस्टरचा क्रमांक, पोलिसांना कळवल्याची वेळ, खबर घेणाऱ्या अंमलदाराचा बक्कल नंबर, पेशंटच्या अंगावरच्या दोन ओळखीच्या खुणा, सही किंवा अंगठा. हे बहुतेक ठिकाणी नीट होतं, त्यामुळे त्यावर थांबत नाही.

जखमा मात्र घाईत लिहिल्या जातात. 'मल्टिपल अ‍ॅब्रेजन्स ओव्हर बॉडी' (अंगभर खरचटलेलं) या ओळीचा कुणालाही उपयोग नाही. जखमेचा प्रकार, सेंटिमीटरमध्ये माप, बाजू आणि हाडाच्या एखाद्या खुणेपासूनचं अंतर लिहा. प्रवाशाच्या बाबतीत काही जखमा त्याची जागाच सांगतात, म्हणून त्या शोधून लिहा. पुढच्या सीटवरच्या माणसाचा गुडघा डॅशबोर्डवर आपटतो: वाटीचं हाड मोडतं, जोर मांडीच्या हाडातून वर जातो आणि खुब्याचा सांधा मागे निखळतो. गुडघ्यावर खरचटलेलं दिसलं की खुबा तपासा. पट्टा लावलेल्या प्रवाशाच्या पोटावर आडवा निळा-लाल व्रण असेल तर आतड्याला आणि कमरेच्या मणक्याला इजा असू शकते. व्रण खांद्यावर कोणत्या बाजूनं सुरू होतो तेही लिहा. आपल्याकडच्या गाडीत डावीकडच्या प्रवाशाचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि चालकाचा उजव्या. चालक कोण होता यावर पुढे वाद निघाला तर ही नोंद बोलते.

बाइकवर मागे बसवलेल्या लहान मुलाची टाच आरांत सापडते. टाचेमागची कातडी सोलून निघते, कधी शिरेपर्यंत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे दुचाकीला मागच्या माणसासाठी धरायचा कठडा, पाय ठेवायची जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं, कपडे अडकू न देणारं आवरण असलं पाहिजे. साडीगार्ड काढून टाकलेल्या गाड्या आपण रोज बघतो. गार्ड होता की नव्हता, हेही हकिगतीत विचारून लिहा.

नसलेल्या गोष्टीही लिहा: उलटी नाही, शुद्ध हरपली नाही, पोट मऊ, पट्ट्याचा व्रण नाही. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्धीचं माप, नुसतं '१५' न लिहिता ई४ व्ही५ एम६ (डोळे, बोलणं, हालचाल) असं तोडून लिहा. दारूबद्दल जे आढळलं ते, ज्याच्याबाबत आढळलं त्याच्याच कागदावर.

जखम साधी की गंभीर हे मत एक्स-रे, सीटी येण्याआधी देऊ नका, 'मत राखीव' लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. हाड किंवा दात मोडणं वा निखळणं त्यात येतं. जुन्या भारतीय दंड संहितेतली २० दिवसांची अट आता १५ दिवसांची झाली आहे. छापील जुने फॉर्म अजून वापरात असतील तर ते बदलून घ्या.

बाह्य कारणाचा कोड बांधायची रीत

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये अपघाती जखमेला दोन कोड लागतात. काय झालं ते एस आणि टी अक्षरांच्या प्रकरणात, कशानं झालं ते व्ही पासून वाय पर्यंतच्या प्रकरणात. वाहतुकीचे सगळे अपघात व्ही मध्ये. कोड पाठ करू नका, तो प्रत्येक वेळी तीन प्रश्नांतून बांधा.

पहिला प्रश्न: जखमी कोणत्या वाहनात होता? त्यावरून दशक ठरतं. पादचारी व्ही०१ ते व्ही०९. सायकल व्ही१०-१९. मोटारसायकल, स्कूटर, मोपेड व्ही२०-२९. तीनचाकी, म्हणजे आपली रिक्षा, व्ही३०-३९. कार व्ही४०-४९. पिकअप किंवा व्हॅन व्ही५०-५९. जड मालवाहू व्ही६०-६९. बस व्ही७०-७९. बैलगाडी-टांगा, रेल्वे आणि खास वाहनं व्ही८० च्या पुढे.

दुसरा प्रश्न: समोर काय होतं? त्यावरून शेवटचा पूर्ण आकडा. ० पादचारी किंवा जनावर, १ सायकल, २ दुचाकी-तीनचाकी, ३ कार-पिकअप-व्हॅन, ४ जड वाहन किंवा बस, ५ रेल्वे, ६ बिनमोटारीचं दुसरं वाहन, ७ स्थिर वस्तू, ८ धडक नाही, ९ इतर किंवा माहीत नाही. दुचाकी ते बस या सहा दशकांत ही उतरंड हीच राहते. बसची जड वाहनांशी धडक व्ही७४, रिक्षाची डिव्हायडरशी धडक व्ही३७, कारची ट्रकशी व्ही४४.

तिसरा प्रश्न: जखमी त्या वाहनात कोण होता, आणि अपघात सार्वजनिक रस्त्यावरचा होता का? यावरून दशांशानंतरचा आकडा. कार, रिक्षा, पिकअप, ट्रक, बस यांत रस्त्यावरच्या अपघाताला चालक .५, प्रवासी .६, बाहेर लटकलेला किंवा टपावरचा .७, जागा माहीत नसलेला .९. चढता-उतरताना जखमी झालेला .४. आवारातल्या अपघातात चालक .०, प्रवासी .१, बाहेरचा .२, जागा माहीत नसलेला .३.

आता इथली खाच नीट बघा, कारण नव्या मुलांच्या निम्म्या चुका माझ्याकडे इथूनच येतात. दुचाकीला 'बाहेरचा माणूस' हा प्रकारच नाही, म्हणून तिचे आकडे एकानं मागे सरकतात: रस्त्यावर चालक .४, मागे बसलेला .५, चढता-उतरताना .३. म्हणजे कारच्या सवयीनं दुचाकीच्या चालकाला .५ दिलं की तो कागदावर मागे जाऊन बसतो. दुसरी खाच नवाच्या कोडमध्ये. समोरचं वाहन पळून गेलं, कोणतं ते कळलं नाही, तर कारमधल्या प्रवाशाला व्ही४९.५ लागतो. व्ही४९.६ हा 'कारमधला कोणीतरी' यासाठी आहे. रिक्षाला व्ही३९.५, बसला व्ही७९.५, दुचाकीला व्ही२९.५. या कोडांत प्रवासी सगळीकडे .५ आहे. ट्रॅक्टरची मांडणी आणखी वेगळी: रस्त्यावर चालक व्ही८४.०, प्रवासी व्ही८४.१.

धक्का न देता पळालेलं वाहन आणि धक्का देऊन पळालेलं वाहन यांत फरक करा. 'ट्रकनं कट मारला, आम्ही घसरलो' यात स्पर्शच नाही, म्हणून व्ही२८.५. 'मागून कशानं तरी ठोकर दिली' यात व्ही२९.५. केसपेपरवर दोन्हींना 'अज्ञात वाहन' लिहिलं जातं. ठोकर देऊन पळालेल्या अज्ञात वाहनाच्या प्रकरणात १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यामुळे पेशंटचे मूळ शब्द जपून ठेवा.

नेहमी अडवणारी उदाहरणं

एसटीत उभी असलेली आजी. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, आजी सीटच्या दांड्यावर आपटल्या, खुबा मोडला. बस कशाला धडकली नाही. वाहनाच्या आतल्या भागावर आदळून झालेली इजा 'धडक नसलेला अपघात' धरतात, म्हणून व्ही७८.६. घरात किंवा बसस्टँडवर पडल्याचा डब्ल्यू कोड इथे लावायचा नाही. त्याच आजी एसटीच्या पायरीवरून उतरताना पडल्या तर व्ही७८.४.

टायर फुटला, गाडी भरकटली आणि झाडावर गेली. कारण टायर असलं तरी शेवट धडकेत झाला, तर कोड धडकेचाच: कारच्या प्रवाशाला व्ही४७.६. भरकटून नुसती उलटली तर व्ही४८.६. बाइकसमोर कुत्रं आलं आणि गाडी त्याला धडकली तर मागच्या माणसाला व्ही२०.५. कुत्र्याला चुकवताना गाडी पडली पण कुत्र्याला लागलं नाही, तर व्ही२८.५.

कार की बस, हे नावावरून ठरवू नका. आयसीडीत दहा माणसांपर्यंत नेण्यासाठी बनवलेली चारचाकी म्हणजे कार, त्याहून जास्त माणसांसाठी बनवलेली म्हणजे बस. वडापच्या जीपमध्ये पंधरा जण कोंबलेले असले तरी ती कारच, कारण मोजायची ती गाडीची रचना, आत बसलेली डोकी नव्हेत. लग्नाच्या वऱ्हाडाची सतरा सीटची ट्रॅव्हलर मात्र बस.

हौदा आणि टप. माल ठेवायच्या जागेत बसलेला माणूस आयसीडीच्या व्याख्येत प्रवासी आहे, 'बाहेरचा' नाही. बाहेरचा म्हणजे टपावर, फूटबोर्डवर, बंपरवर, मागच्या शिडीला लटकलेला. म्हणून पिकअप उलटली तर हौद्यातल्या मजुराला व्ही५८.६, केबिनच्या टपावर बसलेल्याला व्ही५८.७. साखर कारखान्यांच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे जखमी येतात. ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली ट्रॅक्टरसोबतच मोजतात, म्हणून रस्त्यावर ट्रॉली पलटून तिच्यात बसलेली ऊसतोडणी मजूर जखमी झाली तर व्ही८४.१. तिला ट्रकचा कोड दिलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत. हंगामातल्या किती माणसांना ट्रॉलीनं जखमी केलं हे जिल्ह्याला कळायचं असेल तर हा कोड बरोबरच हवा.

रस्त्यावर की आवारात, हे लिहिलेलंच नसेल तर या गाड्यांसाठी अपघात रस्त्यावरचा धरतात. शेती आणि बांधकामाच्या खास वाहनांसाठी उलट, आवारातला धरतात. त्यामुळे ट्रॅक्टरच्या केसमध्ये जागा विचारणं दुप्पट गरजेचं.

व्ही८९.२ हा कोड 'मोटार वाहनाचा अपघात, बाकी काही माहीत नाही' असं सांगतो. नाइलाज असेल तेव्हा तो बरोबरच आहे. पण शुद्धीवर असलेल्या, बोलणाऱ्या, तीन दिवस वॉर्डात राहिलेल्या पेशंटला हा कोड लागला असेल तर आपण कुणीच त्याच्याशी बोललो नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जखमेचा कोड आणि क्रम

भरती पेशंटमध्ये मुख्य निदान जखमेचं, बाह्य कारण तिच्या मागे. व्ही कोड पहिला कधीच नाही. अनेक जखमा असतील तर ज्या जखमेवर सगळ्यात जास्त उपचार झाले, जी सगळ्यात गंभीर, ती वर. प्लीहा फाटून ऑपरेशन झालेलं असेल तर एस३६.० वर येतो आणि अनेक बरगड्यांचा एस२२.४ खाली. मानेला झटका बसलेला एस१३.४, मांडीच्या हाडाचा मधला भाग एस७२.३, खुबा निखळणं एस७३.०, गुडघ्याची वाटी एस८२.०. उघडं की बंद फ्रॅक्चर हे लिहिलं नसेल तर बंद धरतात, म्हणून ऑर्थोच्या डॉक्टरांकडून ते आधीच लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डावर 'पॉलिट्रॉमा' (अनेक जखमा) एवढंच आलं तर टी०७ देऊन मोकळं होऊ नका. आत ऑपरेशन नोट असते, सीटी असतो, तिथून प्रत्येक जखम डॉक्टरांच्या सहीनं निदानात आणा.

मृत्यू झाला तर क्रम उलटतो. मृत्यूचं मूळ कारण म्हणून बाह्य कारणच मोजलं जातं. फॉर्म ४ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात, वरच्या ओळीत रक्तस्रावाचा शॉक, त्याखाली प्लीहा फाटणं आणि सगळ्यात खाली 'महामार्गावर कार आणि ट्रकच्या धडकेत कारमधील प्रवासी' असं पूर्ण यायला हवं. वर 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' आणि खाली 'आरटीए' असं लिहिलेलं प्रमाणपत्र राज्याच्या आकडेवारीत त्या माणसाला बेनाव करून टाकतं. तो बाइकवर होता, बसमध्ये होता की चालत होता, काहीच उरत नाही.

अमेरिकन चार्ट करणाऱ्यांसाठी

पुणे-मुंबईतली कितीतरी मराठी मुलं अमेरिकन रुग्णालयांचे चार्ट कोड करतात. तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम चालतं. वरचे तीन प्रश्न तेच, पण कोड सात अक्षरांचा. कारमधला प्रवासी, दुसऱ्या कारशी धडक, पहिला उपचार: व्ही४३.६२एक्सए. इथे समोरची गाडी एसयूव्ही असेल तर ६१, साधी कार ६२, पिकअप ६३, व्हॅन ६४. सातवं अक्षर ए म्हणजे सक्रिय उपचार सुरू, डी म्हणजे बरं होण्याच्या टप्प्यातली भेट, एस म्हणजे मागे राहिलेला परिणाम. 'पहिली भेट' या नावावरून ए ला फसू नका. दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तरी सक्रिय उपचार चालू असेल तोवर ए. जखमेच्या आणि कारणाच्या कोडचं सातवं अक्षर एकाच भेटीतलं असलं पाहिजे, मात्र फ्रॅक्चरला बी, सी, जी, के अशी आणखी अक्षरं असतात, ती कारणाला नसतात. ठिकाणाचा वाय९२, त्या वेळच्या कृतीचा वाय९३ आणि स्थितीचा वाय९९ एकदाच, सुरुवातीच्या भेटीत. बाह्य कारणाचे कोड देशभर सक्तीचे नाहीत, राज्य किंवा पैसे देणारी कंपनी मागते तेव्हा लागतात, म्हणून क्लायंटच्या सूचना आधी वाचा. त्याच जागी मोठी जखम असेल तर खरचटल्याचा वेगळा कोड देऊ नका. आणि त्यांचा चालक डावीकडे बसतो. 'डावीकडून धडक' वाचून हातानं प्रवासी लिहिला जातो, तिथे थांबून पुन्हा वाचा.

नोंद चुकली तर

पूर्वी एका रुग्णालयात असताना एका बाईंच्या कागदावर 'दुचाकी चालवत असताना घसरून' असं लिहिलं गेलं. त्या मागे बसल्या होत्या, त्यांना गाडी चालवताच येत नव्हती. विमा कंपनीच्या वकिलांनी त्यांच्याकडे लायसन्स मागितलं. त्यांचा भाऊ तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात घेऊन यायचा, घडीवर कागद फाटायला आला होता. दर वेळी त्याला सांगितलं जायचं की रेकॉर्ड बदलता येत नाही. तसं सांगणं अर्धंच खरं होतं आणि त्यानं त्या कुटुंबाचे कितीतरी महिने गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

मूळ नोंद खोडायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही, पान बदलायचं नाही, हे खरं. पण उपचार करणारे डॉक्टर पुढच्या पानावर आजच्या तारखेनं पूरक नोंद करू शकतात: पेशंटनं काय सांगितलं, आधीच्या नोंदीत काय आहे, फरक कसा लक्षात आला. त्याखाली सही, नाव, नोंदणी क्रमांक. लिहितानाच चूक लक्षात आली तर एक सरळ रेघ, जुना शब्द वाचता येईल अशी, शेजारी सही आणि वेळ. पेशंट किंवा नातेवाइकांनी लेखी अर्ज दिला तर वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत नोंदींची प्रत द्यायची असते. हे काउंटरवर लावून ठेवा.

प्रवासी की चालक या एका शब्दानं इतका फरक का पडतो, हे कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरांना सांगत जा. चालकाच्या निष्काळजीपणाचा वाटा प्रवाशाच्या भरपाईतून कापला जात नाही. दोन गाड्यांच्या चालकांची मिळून चूक असेल तर प्रवासी त्यांतल्या कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये खेन्येई खटल्यात स्पष्ट केलं. 'चालवत असताना' असं लिहिलं की हे सगळं दार बंद होतं. ५ मे २०२५ ला अधिसूचित झालेल्या कॅशलेस योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, तेही मोटार वाहनाच्या अपघातातल्या चालक, प्रवासी, पादचारी सगळ्यांना. पण पोलिसांची ई-डार या अपघात नोंदवायच्या संगणक प्रणालीतली नोंद आणि आपला कागद जुळला पाहिजे. पोलिसांना प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत द्यायचा असतो आणि त्यांचा अंमलदार माहिती घ्यायला येतो ती आपल्याच केसपेपरवरून.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी आधीच्या महिन्यातल्या व्ही८९.२ च्या आणि .९ नं संपणाऱ्या अपघाताच्या सगळ्या फाइली बाहेर काढतो. प्रत्येकीत आत कुठे उत्तर सापडतं का ते बघतो: नर्सिंग नोटमध्ये, भुलेच्या कागदावर, फिजिओथेरपीच्या शेऱ्यात. पुष्कळदा सापडतं. फिजिओच्या मुलीला पेशंटनं सगळं सांगितलेलं असतं. सापडलेलं डॉक्टरांना दाखवून पूरक नोंद घेतो आणि मगच कोड बदलतो. उरलेले केसपेपर नाव झाकून सकाळी आठला, ड्युटी बदलताना, कॅज्युअल्टीच्या टेबलावर ठेवतो. रात्रपाळीची सिस्टर आणि सकाळचे डॉक्टर दोघंही तिथे असतात. एकेक कागद वाचायचा आणि एवढंच विचारायचं: हा माणूस कुठे बसला होता?